टांकसाळीची चूक की नंतरची इजा? वाचकांच्या नाण्यांविषयी

प्रश्न (कोल्हापूर): दोन रुपयांच्या नाण्यावर सिंहांपासून काठापर्यंत बारीक रेघ आहे. डाय तडकल्याची खूण म्हणायची की ओरखडा?

उत्तर: रेघ वर उठलेली आहे की आत गेलेली, हे आधी पाहा. डाय म्हणजे पोलादी ठसा. त्याला तडा गेला की दाबाखाली चकतीचा धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर उमटणारी रेघ उठावाची असते. खिळ्याची किंवा किल्लीची रेघ आत जाते, पण बाजूला सरकलेला धातू तिच्या दोन्ही कडांना वरंब्यासारखा उभा राहतो. बोटाला तोच लागतो आणि माणूस फसतो. टेबललॅम्प आडवा ठेवून सोनाराच्या दहापट भिंगातून बघा. दोन वरंब्यांमध्ये चर दिसला तर ओरखडाच. शिवाय ओरखडा नक्षीच्या उंच भागावर ठळक असतो आणि अक्षराला लागून असलेल्या खोलगटात तुटतो. तड्याची रेघ मात्र सपाट जागेवरून नक्षीवर बिनदिक्कत चढते.

प्रश्न (नाशिक): एक रुपयाच्या नाण्याची कड चंद्रकोरीसारखी कापलेली आहे. विकणारा त्याला ‘क्लिप एरर’ म्हणतो. खरं कसं ओळखावं?

उत्तर: ही चूक खरोखर होते, आणि कानस हाताशी असलेल्या कुणालाही तिची नक्कल करता येते. त्यामुळे सावध राहणं बरं.

पंच म्हणजे यंत्रातलं भोक पाडणारं हत्यार. धातूच्या लांब पट्टीतून ते चकत्या पाडत जातं. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही तर पंच आधीच्या भोकावर थोडा चढतो आणि नव्या चकतीचा तेवढा घास जातो. भोक चकतीच्याच मापाचं, म्हणून कोरीची गोलाईही साधारण नाण्याइतकीच. तसंच दुसरं नाणं त्या खाचेत बसवून पाहा. गोलाई जुळली नाही तर शंका घ्या. पट्टीच्या टोकाला सरळ कापही होतो, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नका.

यापेक्षा भरवशाची खूण कोरीच्या बरोबर समोरच्या कडेला सापडते. छाप पडण्याआधी चकतीची कड दोन बाजूंनी दाबून उठवतात. एका बाजूला धातूच नसेल तर तेवढ्या क्षणी समोरच्या बाजूलाही दाब मिळत नाही आणि तिथला काठ सपाट, अस्पष्ट राहतो. कानस मारणाऱ्याच्या हे सहसा ध्यानात येत नाही. उलट बाजूही तितकीच खरी: एखाद्या अस्सल नाण्यात ही खूण फिकी असते. मग कोरीजवळची अक्षरं पाहा. छाप पडताना तिथला धातू मोकळ्या जागेकडे सरकतो, म्हणून अक्षरं ताणल्यासारखी होऊन विरत जातात. नंतर कापलेल्या नाण्यात अक्षर सुरीने छाटल्यासारखं तुटतं आणि कडेवर कानशीचे समांतर ओरखडे दिसतात.

वजन फक्त धातू किती गेला ते सांगतं, कधी गेला ते नाही. 1992 पासूनचा 25 मिमीचा पोलादी रुपया 4.85 ग्रॅमचा, 2011 मध्ये आलेला 22 मिमीचा 3.79 ग्रॅमचा. दोन्हींची गल्लत करून ‘कमी वजनाचं नाणं’ म्हणणारेही भेटतात.

प्रश्न (सोलापूर): दहाच्या नाण्यात मधली चकती तिरकी आहे, बाहेरच्या कड्याशी जुळत नाही. किंमत किती यावी?

उत्तर: दहा रुपये. कडं आणि मधली चकती टांकसाळीत सुटी एकत्र ठेवतात आणि एकाच ठोक्यात दोन्हींवर छाप पडून ती एकमेकांत अडकतात. एका बाजूची सगळी नक्षी एकाच डायने उमटते. मग मधला भाग कड्याच्या तुलनेत फिरलेला किंवा उलटा असणं टांकसाळीत कसं शक्य आहे? कुणीतरी चकती ठोकून काढली आणि परत बसवली. सांध्यावर ठोक्याच्या खुणा किंवा फट दिसेल.

चकती नसलेल्या नुसत्या कड्याबद्दलही हाच विचार करा. चकतीविना छाप पडली असेल तर धातू आत सरकून भोकाची कड बिघडलेली असते. नंतर चकती निसटली असेल तर भोक स्वच्छ गोल राहतं.

आणखी एक. ₹ चिन्ह नसलेलं किंवा दहाऐवजी पंधरा रेघांचं नाणं चुकीचंही नाही, खोटंही नाही. दहाच्या नाण्याचे 14 नमुने चलनात असल्याचं रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्येच सांगितलं आहे.

प्रश्न (पुणे): एका नाण्यावर आकडा आरशातल्यासारखा उलटा आणि खोलगट उमटला आहे.

उत्तर: आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं तर असं होतं. पण मग एका बाजूला आकड्याची नेहमीची उठावदार बाजू आणि दुसरीकडे तीच बाजू उलटी, खोलगट दिसते. सिंहांचा मागमूस नसतो. तुमच्या नाण्यावर सिंह चेपलेले आणि त्यांवर आकड्याची खूण असेल, तर दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे वस्तू घट्ट धरायच्या लोखंडी पकडीत, आवळली आहेत.

प्रश्न (ठाणे): मुलीने अमेरिकेहून क्वार्टर, म्हणजे पाव डॉलरची नाणी, पाठवली आहेत. एका बाजूने फिरवली की दुसरी बाजू उलटी येते. सगळीच सदोष का?

उत्तर: नाहीत. आपली नाणी पुस्तकाचं पान उलटावं तशी आडवी फिरवली की दुसरी बाजू सरळ येते. अमेरिकेची नाणी वरून खाली फिरवावी लागतात. भारतीय नाणं मात्र आडवं फिरवून दुसरी बाजू बरीच तिरकी आली, तर डाय फिरल्याची चूक मानायला हरकत नाही.