कोल्हापूरचे आबालाल रहिमान एवढे मोठे चित्रकार होते, तर ते मुंबईला का गेले नाहीत?

गेले होते की! आबालाल मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले आणि १८८८ साली त्यांना तिथलं व्हाइसरॉय पदकही मिळालं. मुंबईत जम बसवायला तेवढं पुरे होतं. पण ते कोल्हापूरला परतले ते कायमचेच. १९३१ मध्ये वारले तेही इथंच.

का परतले, याची एकच एक ओळ कुणाला देता येणार नाही. मला दिसतं ते असं. जन्म साधारण १८६०च्या आसपासचा. घरात कुराणाच्या हस्तलिखित प्रती करण्याचं काम चालायचं, त्यामुळे हाताला बारकावा लहानपणापासूनच. पुढे शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला, शिकारीलाही सोबत नेलं. महाराज १९२२ मध्ये गेले. तोवर आबालालांना गिऱ्हाइकाच्या मर्जीनं चित्रं काढायची फारशी गरज नव्हती, आणि ही चैन मुंबईतल्या भल्याभल्यांना परवडली नसती. तिकडे पोर्ट्रेटं करा, नाहीतर पौराणिक प्रसंग रंगवा. आबालालांना हवं होतं पाणी, आणि ते घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं: रंकाळा तलाव, पंचगंगेचा घाट, कोटितीर्थ तलाव. कोटितीर्थाच्या काठी तर ते राहायचेच.

महाराज गेल्यावर त्यांनी दुःखात आपली चित्रं कोटितीर्थात बुडवली, असं आमच्याकडे सांगतात. तुम्ही नेटवर शोधलंत तर आधी हीच गोष्ट सापडेल. खरी असेलही. पण ती ऐकून लोक हळहळतात आणि उरलेली चित्रं बघायला कुणी जात नाही, याचा मला मनापासून राग येतो.

बघायचं काय, ते सांगतो. (आबालाल फक्त जलरंगातले नव्हेत. तैलरंग, पेन्सिल, सगळ्यात हात होता. पण माझा जीव जलरंगांत.) पारदर्शक जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कोरा कागद राखतात. पाण्यावरची चमक हवी असेल तर तेवढी जागा पहिल्या वॉशपासून, म्हणजे पातळ रंगाच्या पहिल्या थरापासून, सोडून ठेवावी लागते. एकदा रंग गेला की गेला. त्यातून कोल्हापूरचा पावसाळा! जुलैत इथं वॉश वाळता वाळत नाही, दुसरा थर घाईनं दिलात की खालचा उचलला जातो आणि चिखल होतो. अशा हवेत वर्षानुवर्षं त्याच दोन-तीन जागा रंगवणं हा नुसता छंद नव्हे. आबालालांची झाडं जवळून बघा. पान न् पान रेखलेलं नाही, रंगाचे छोटे छोटे ठिपके शेजारी-शेजारी ठेवलेत. चार पावलं मागं सरलं की त्याचीच सावली होते.

रंकाळ्याची चित्रं बघताना आणखी एक गंमत. आज रंकाळ्याचा फोटो म्हटलं की मागं शालिनी पॅलेस हवाच. तो बांधून झाला १९३४च्या सुमारास, म्हणजे आबालाल गेल्यावर. त्यांच्या रंकाळ्यात नजर अडायला काही नाही. पाण्यातला तो दगडी संध्यामठ तेवढा तेव्हाही होता. मला हे बघताना आजचा गजबजलेला काठ आणि वडापावच्या गाड्या आठवतात आणि हसू येतं.

चित्रं कुठं बघाल? भाऊसिंगजी रोडवर, सीपीआर हॉस्पिटलजवळच्या टाऊन हॉलमधलं म्युझियम गाठा. लोक तिथं कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, कांस्यमूर्ती बघून बाहेर पडतात. तुम्ही चित्रांच्या दालनात थांबा. मोठ्या फ्रेमांकडे नंतर वळा, आधी छोटी निसर्गचित्रं बघा. काचेवर उजेड पडून चमकतं, तेव्हा जरा तिरपं उभं राहावं लागतं.

वेळ उरला तर राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय आहे. हो, सिनेमातले तेच चंद्रकांत. त्यांची पेस्टलमधली निसर्गचित्रं बघा, पेस्टल म्हणजे कोरडा रंग. एकाच दिवशी दोन्ही पाहिलीत तर पाणी घालून काढलेलं आणि पाण्याशिवाय काढलेलं यातला फरक मी कितीही लिहिलं तरी समजणार नाही इतका लख्ख कळेल. रिक्षावाल्याला मात्र नुसतं ‘मांडरे’ म्हणू नका, राजारामपुरीतली गल्ली आधी विचारून घ्या.