वाचक विचारतात: मोठ्या माणसांच्या लसी

प्रश्न : मी आशा सेविका आहे. गावातला एक ऊसतोड कामगार कोल्हापूरकडे तोडीला असताना त्याच्या पोटरीला कुत्रं चावलं, रक्त आलं. सरकारी दवाखान्यात पहिला आणि तीन दिवसांनी दुसरा डोस झाला. मग टोळी दुसऱ्या कारखान्यावर हलली आणि सातव्या दिवसाचा डोस चुकला. त्याला आता आठ दिवस झाले. नव्या ठिकाणी ‘सगळं पहिल्यापासून घ्या’ म्हणतात. काय करावं? (बीड जिल्हा)

उत्तर : ताई, पहिल्यापासून नाही. राहिलेला डोस आजच द्यायला लावा आणि तिथून तीन आठवड्यांनी शेवटचा. रेबीजच्या लसीचा डोस चुकला तर कोर्स पुढे सरकतो, पुसला जात नाही.

सरकारी दवाखान्यात ही लस बहुधा त्वचेच्या थरात देतात: ०, ३, ७ आणि २८व्या दिवशी, दर वेळी दोन्ही दंडांवर ०.१ मिली. शून्य दिवस म्हणजे पहिल्या डोसाचा, चावल्याचा नव्हे. सुई बरोबर गेली की जागेवर लहानशी फुगी येते. ती आली नाही तर औषध खोल गेलं, ते इंजेक्शन शेजारी पुन्हा द्यावं लागतं. स्नायूतून दिली तर डोस पाच: ०, ३, ७, १४, २८. कमरेत ही लस कधीच देत नाहीत, चरबीत तिचा उपयोग होत नाही. एका पद्धतीने सुरू झालेला कोर्स शक्यतो तसाच पुरा करावा. पण जवळ दुसऱ्याच पद्धतीची किंवा दुसऱ्या कंपनीची लस असेल तर ती घ्यावी, खंड पाडू नये.

रक्त आलेल्या चाव्यात लसीबरोबर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) भरावं लागतं. घोड्यापासून तयार केलेलं सीरम वजनाच्या किलोमागे ४० युनिट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला जास्तीत जास्त २४०० युनिट. ते पहिल्या डोसापासून सात दिवसांतच द्यायचं असतं. तुमच्या कामगाराला मिळालं नसेल तर ती वेळ आता गेली, म्हणून उरलेले दोन डोस चुकता कामा नयेत.

‘अमुक वारी या’ असं केंद्रात का सांगतात, तेही सांगतो. एक मिलीच्या कुपीत पाच जणांचे डोस निघतात आणि लस कालवली की सहा तासांत संपवावी लागते. कुपी वाया जाऊ नये म्हणून माणसं गोळा करतात. अडचण खरी आहे, पण चावलेल्या माणसाला त्यासाठी माघारी पाठवणं चूकच. एकटा असला तरी कुपी फोडायची. तोडीला जाणाऱ्यांना एवढं पढवून ठेवा: चावल्याबरोबर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं, हळद-चुना-मिरची लावायची नाही आणि केसपेपरचा फोटो मुकादमाच्या नव्हे, स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायचा.

प्रश्न : खासगी रुग्णालयात कंत्राटी सफाई कामगार आहे. नर्सना कावीळ ‘ब’ची लस दिली, आम्हाला ‘तुम्ही ठेकेदाराची माणसं’ म्हणतात. (ठाणे)

उत्तर : हे उत्तर नियमात बसत नाही. २०१६च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे असा कचरा हाताळणाऱ्या सगळ्यांना हिपॅटायटिस बी (म्हणजेच कावीळ ‘ब’) आणि धनुर्वात यांपासून लस देऊन संरक्षण देणं रुग्णालय चालवणाऱ्यावर बंधनकारक आहे. कायम की कंत्राटी, असा भेद तिथे नाही. अर्ज एकट्याने न करता सगळ्यांच्या सह्यांनी, या नियमाचा उल्लेख करून द्या आणि पोच घ्या. तरीही हलले नाहीत तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करा.

डोस तीन: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. ठेकेदार बदलला की तिसरा हमखास राहतो, म्हणून नोंद स्वतःजवळ ठेवा. शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या. १० किंवा त्याहून जास्त आली तर संरक्षण आहे. लस झाली नसताना वापरलेली सुई टोचली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत लागतात.

प्रश्न : खिळा लागला की दर वेळी टीटी घ्यायचं का? (वाशीम)

उत्तर : नाही. आता टीटीऐवजी (धनुर्वाताच्या लसीऐवजी) टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण आहे. मूळ तीन डोस झालेले असतील तर दर दहा वर्षांनी एक. मातीशेणाची किंवा खोल जखम असेल आणि शेवटच्या डोसाला पाच वर्षं झाली असतील तर तेव्हाच एक घ्यावा. बायकांना गरोदरपणी ही लस मिळते. पुरुषाला मात्र सोळाव्या वर्षानंतर कुणी बोलावत नाही आणि शेतात गंजकी तार त्याच्याच पायात जाते. मूळ डोस आठवत नसतील तर तीन घ्या: आज, महिन्याने आणि त्यानंतर सहा ते बारा महिन्यांनी.

प्रश्न : आईवडील गावी असतात. वडील ६८, मधुमेही. पुण्याहून लस विकत घेऊन नेऊ का? (मूळ गाव रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : त्यांना दोन लसी आधी हव्यात: फ्लूची दर वर्षी, पावसाळ्याआधी, आणि न्यूमोनियाची न्यूमोकोकल. दोन्ही एकाच दिवशी, वेगवेगळ्या दंडांवर चालतात. न्यूमोकोकल जंतूच्या २० प्रकारांविरुद्धची लस घेतली तर एकदाच पुरते. १३ प्रकारांची घेतली तर वर्षाने २३ प्रकारांचीही द्यावी लागते. याच रोगजंतूविरुद्धची लस नातवाला सरकारी केंद्रात फुकट मिळते, आजोबांना मिळत नाही. आमच्या मते मोठ्यांच्या लसीकरणातलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे. महात्मा फुले योजनेचाही इथे उपयोग नाही, ती दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. फ्लूची लस मात्र राज्याचा आरोग्य विभाग मधुमेही, गरोदर अशा जोखमीच्या लोकांना मोफत देतो. साठा थोडा असतो, म्हणून मे महिन्यातच उपजिल्हा रुग्णालयात विचारा.

पुण्याहून नेणं आम्ही टाळायला सांगू. लस २ ते ८ अंशांतच राहावी लागते. उन्हाने ती खराब होते हे लोकांना ठाऊक असतं, पण बर्फाला चिकटून गोठली तरी ती वाया जाते आणि बाहेरून बहुतेक वेळा काही दिसत नाही. रत्नागिरी-चिपळूणच्या डॉक्टरांना आधी फोन करून मागवायला सांगा आणि वडिलांना तिथे न्या. न्यायचीच झाली तर लसीच्या डब्यातून, बर्फाची पिशवी बाहेरून घाम सुटेपर्यंत वितळू देऊन, मध्ये पुठ्ठा घालून न्या आणि पोहोचल्याबरोबर टोचून घ्या. घरच्या फ्रिजच्या दारात ठेवायची नाही.