चेनसॉ दुरुस्त करावा की विकावा? आधी मफलर उघडा, मग दुकानात जा

प्रश्न (संगमेश्वर): तीन वर्षांपूर्वी घेतलेला ५८ सीसीचा चेनसॉ (पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत) थंड असताना चालू होतो, पण दहा मिनिटांत बंद पडतो. मग गार होईपर्यंत दोरी ओढून खांदे दुखतात. दुकानदार म्हणतो, इंजिन गेलं, एक्स्चेंजमध्ये द्या. जुन्या हापूसची छाटणी तोंडावर आली आहे. काय करू?

प्रश्न (कणकवली): रेस दिली की कटर (चेनसॉ) गुदमरतो, धूर ओकतो. मेकॅनिकने पेट्रोलमधलं तेल वाढवायला सांगितलं. आता लिटरला ८० मिली टाकतो, तरी फरक नाही. विकून टाकू?

उत्तर: दोघांनीही लगेच विकू नका. आणि ज्याला नवीन मशीन खपवायचं आहे, त्याला जुन्याचा निकाल विचारू नका.

संगमेश्वरकरांनी मशीन बंद पडल्या पडल्या पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल करावं. फुस्स करून हवा आत गेली आणि लगेच चालू झालं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. ते साफ केलं की काम झालं, खर्च काही नाही. तसं नसेल तर झाकण घट्ट लावा, सांडलेलं पेट्रोल पुसा आणि गरम असतानाच प्लगची ठिणगी बघा. ठिणगी गेली असेल तर कॉइल बदला. ठिणगी जोरात असेल तर स्विच बंद करून मशीन दोरीच्या मुठीला धरून उचला. लटकून राहिलं किंवा अडखळत खाली आलं तर कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आहे. सरळ घसरत खाली आलं तर गेलं.

मग गार झाल्यावर मफलर (धूर बाहेर सोडणारा डबा) काढा. आतल्या भोकातून पिस्टन दिसतो. गुळगुळीत असेल तर इंजिन बहुधा शाबूत आहे, दुकानदार काहीही म्हणो. उभे ओरखडे असतील तर पिस्टन-सिलिंडर बदलावं लागेल. फ्लायव्हील (दोरीमागचं जड चाक) हाताने वर-खाली हलत असेल तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. अशा मशीनवर पैसे घालू नका, विका. माझा हिशेब साधा आहे: दुरुस्तीचा खर्च मशीनच्या आजच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की विकायचं, खाली असेल तर दुरुस्त करायचं.

कणकवलीकर, ८० मिली ताबडतोब बंद करा. तेल वाढवलं की इंजिन टिकतं, हे खोटं आहे. तेल वाढलं की पेट्रोलचा वाटा घटतो, प्लग काळा पडतो आणि मफलरमध्ये काजळी साचते. गेल्या वर्षी राजापुरात अशाच एका मशीनचा मफलर मी स्वतः उघडला. धूर जायचं भोक काजळीने करंगळीएवढं उरलं होतं. खरवडून काढलं, प्लग बदलला, मशीन पहिल्यासारखं ओरडू लागलं. त्या बागायतदाराला मात्र नवीन इंजिनाचा खर्च सांगून झाला होता! मशीनच्या पुस्तिकेत तेल-पेट्रोलचं प्रमाण १:५० असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली, तेही टू-स्ट्रोकचंच तेल. मोटारसायकलच्या फोर-स्ट्रोक इंजिनाचं तेल टाकू नका. अंदाजाने नाही, मापाने टाका. पुन्हा सांगतो, जास्त तेल म्हणजे जास्त आयुष्य नव्हे.

गुदमरणं तरीही राहिलं तर कार्ब्युरेटरचा पडदा बघा. मऊ हवा; कागदासारखा कडक झाला असेल तर फक्त पडद्याचं किट घाला. अख्खा कार्ब्युरेटर बदलायला सांगतील, ऐकू नका. पडदा कडक होतो तो टाकीत महिनोन्महिने राहिलेल्या पेट्रोलने. इथेनॉलमिश्रित पेट्रोल कोकणच्या दमट हवेत पाणी ओढतं. काम संपलं की टाकी रिकामी करा आणि मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मी प्रत्येक बागेत हे सांगतो, कारण एवढं केलं तर निम्मी मशीनं माझ्यापर्यंत येणारच नाहीत.

दुसरं, भुसा बघा. पिठासारखा पडत असेल तर साखळी बोथट आहे. 'ताकद गेली' म्हणून आणलेल्या कितीतरी मशीनना फक्त कानस लागते. दर दोन टाक्या पेट्रोल संपलं की कानस मारा. साखळी फिरते त्या पट्टीला जळकं तेल घालू नका.

वेळ सांभाळा. आंब्याच्या जुन्या झाडांचं पुनरुज्जीवन, म्हणजे नवी फूट यावी म्हणून केलेली मोठी छाटणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात होतं. दुरुस्ती त्याआधी, आत्ता श्रावणातच करा. ऐन हंगामात मेकॅनिक घाई करतो आणि तुम्ही हो म्हणता. विकायचं असेल तर मात्र ऑक्टोबरच गाठा, गिऱ्हाईक तेव्हाच येतं. दोष सांगून विका, चेन ब्रेक (साखळी झटक्यात थांबवणारा) बिघडलेलं मशीन दुरुस्त केल्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका.

नव्या मशीनचं अनुदान: अर्ज महाडीबीटी या राज्य सरकारच्या संकेतस्थळावर, पूर्वसंमतीआधी खरेदी केली तर पैसे मिळत नाहीत. अनुदानावरचं मशीन विकण्याआधी हमीपत्रातली मुदत वाचा.

माझ्याकडे मशीन आणणार असाल तर टाकी रिकामी करून आणा, जुना प्लग आणि तेलाची बाटलीही सोबत घ्या.