व्यवसायाच्या वेबसाइटला ॲनिमेटेड इंट्रो घ्यावी का, आणि वेब डिझायनर कसा निवडावा?

तुम्ही लिहिलंय की बडोद्यात तुमचा घरचा केटरिंगचा व्यवसाय आहे आणि पहिली वेबसाइट करून घेताय. डिझायनर म्हणतो, साइट उघडली की आधी १२ सेकंदांची इंट्रो हवी: समई उजळते, केळीच्या पानावर एकेक पदार्थ वाढला जातो, मग तुमचं नाव येतं. त्याचे वेगळे १५ हजार. ती घ्यावी का, आणि हा डिझायनर योग्य आहे हे कसं ओळखावं, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

इंट्रो घेऊ नका. हे मी स्वतःचे पैसे आणि त्याहून मोलाचं एक नाव घालवून शिकलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे बडोद्याच्या औद्योगिक वसाहतीत, आमचं मेकॅनिकल सीलचं छोटं वर्कशॉप आहे. पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे गळती होऊ नये म्हणून बसवतात तो भाग. २००८ साली आम्ही पहिली साइट केली, ती पूर्ण फ्लॅशमध्ये, म्हणजे ॲनिमेशनसाठी तेव्हा वापरात असलेल्या ॲडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये. उघडली की चक्रं फिरायची, संगीत वाजायचं, लोगो गिरक्या घेत यायचा. वडिलांनी दांडिया बाजारातल्या सगळ्या नातेवाइकांना बोलावून दाखवली होती. पुढे २०१३ मध्ये मी नंदेसरीच्या एका केमिकल कारखान्यात बसलो होतो. तिथल्या मेंटेनन्सच्या साहेबांनी एका सीलचं माप बघायला आमची साइट त्यांच्या आयफोनवर उघडली, तर नुसता रिकामा चौकोन. आयफोनवर फ्लॅश कधीच चालत नव्हतं, आणि मला हे पाच वर्षं माहीत नव्हतं. साहेब काही बोलले नाहीत, फोन खिशात ठेवला आणि दुसऱ्या सप्लायरचा छापील कॅटलॉग काढला.

साइट बदलायला निघालो तेव्हा दुसरा धक्का बसला. डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, डिझायनरने स्वतःच्या नावावर घेतलं होतं. तो तोवर हा धंदा सोडून परदेशी गेला होता, ईमेलला उत्तर नाही. मुदत संपली आणि ते नाव दुसऱ्याच कुणी घेतलं. आमच्या लेटरहेडवर, बिलांवर, सीलच्या प्रत्येक डबीवर छापलेलं नाव गेलं. (फ्लॅश तर पुढे सगळ्यांचंच गेलं. ॲडोबीने २०२० च्या अखेरीस ते बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातल्या फाइली चालणंच थांबलं.)

तुमचा डिझायनर म्हणेल, आता फ्लॅश नाही, व्हिडिओ आहे, सगळीकडे चालतो. ते खरं आहे. पण तुमच्या साइटवर येणारं माणूस कोण, ते डोळ्यांपुढे आणा. मुलीचं लग्न ठरलंय, कार्यालय मिळालंय, आईवडील रात्री जेवणं उरकून फोनवर चार केटरर्स बघतायत. त्यांना हवं ते एवढंच: मसालेभात, अळूची भाजी, जिलबी-मठ्ठा तुमच्याकडे होतं का, व्याही गुजराती असतील तर उंधियू आणि फरसाणही जमेल का, किती पानांपर्यंत करता, ताटाचा दर कुठून सुरू होतो, आणि फोन नंबर. घरी आलेल्या पाहुण्याला आपण दारात उभं ठेवत नाही, आत घेऊन आधी पाणी देतो. इंट्रो नेमकी त्याला दारात थांबवते. आणि ते एकदाच येत नाहीत. उद्या आत्याला दाखवायला उघडतील, परवा मेनू ठरवायला. दर वेळी ती समई.

वजनाचा हिशोब करा. असा व्हिडिओ सहज ८ एमबी होतो, म्हणजे ६४ मेगाबिट. गर्दीच्या कार्यालयात मोबाइलचा वेग ४ एमबीपीएस मिळाला तर नुसता उतरायलाच १६ सेकंद. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी गूगलची कसोटी आहे. पेजस्पीड इनसाइट्स नावाच्या त्यांच्या मोफत पानावर कुठल्याही साइटचा पत्ता टाकून ती तपासता येते. संगीताचंही तेच. क्रोमने २०१८ पासून आवाजासकट आपोआप सुरू होणारे व्हिडिओ अडवायला सुरुवात केली, म्हणजे इंट्रोत सनई घातली तर तिचे पैसे बहुतेक फोनवर फुकट जाणार. शिवाय हलत्या चित्रांनी काही लोकांचं डोकं खरोखर गरगरतं. त्यांच्यासाठी फोनमध्ये ॲनिमेशन कमी करण्याची सोय असते आणि साइटला ती ओळखता येते. तुमचा डिझायनर ती ओळखून काही करतो का, हे विचारून बघा.

माझा ॲनिमेशनलाच विरोध आहे असं मात्र समजू नका. आमच्या आताच्या साइटवर एक आहे. सील मधोमध कापल्यासारखं दिसतं, एक कडा फिरते, दुसरी स्थिर राहते, आणि दोन्हींच्या मधे द्रवाचा अगदी पातळ थर असतो. कोरडा पंप चालवला की तो थर जातो आणि कडा जळतात, हे मी नव्या ऑपरेटरला फोनवर अर्धा तास सांगून पटत नव्हतं, ते आता १० सेकंदांत कळतं. ते त्या सीलच्या पानावर आहे, बोट लावलं की चालतं. तुम्हीही पंगतीचा एक छोटा व्हिडिओ फोटोंच्या पानावर ठेवा, ज्याला बघायचा तो बघेल. त्या १५ हजारांत चांगला फोटोग्राफर बोलावून तुमच्या खऱ्या ताटांचे फोटो काढून घ्या.

आता डिझायनर. इंट्रो सुचवली एवढ्यावरून त्याला नाकारू नका, गिऱ्हाइकाला आवडेल म्हणून बरेच जण सुचवतात. नको म्हटल्यावर तो काय करतो ते पाहा. त्याने केलेल्या दोन-तीन वर्षं जुन्या साइट वायफाय बंद करून आपल्या फोनवर उघडा. त्या मालकांना फोन करा. काम चांगलं का, असं विचारलंत तर सगळे हो म्हणतात. दर बदलायचा झाला तर कोण बदलतं, किती दिवस लागतात, पासवर्ड कुणाकडे आहे, हे विचारा. लग्नसराईत तुमचे दर बदलणारच, ते तुमच्या घरातल्या कुणालाही घरबसल्या बदलता आले पाहिजेत. आणि मेनू मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्हीत युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप केलेला हवा. चित्रात लिहिलेला मजकूर पटकन बदलता येत नाही, आणि शोधणाऱ्याला सापडेल याची खात्री नसते.

डोमेन स्वतः घ्या. तुमचा ईमेल, तुमचा मोबाइल, तुमच्या कार्डावरून पैसे. डिझायनरला फक्त जोडणीपुरता प्रवेश द्या. होस्टिंगचंही, म्हणजे साइट जिथे साठवली जाते त्या भाड्याच्या जागेचंही, तसंच.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, पैसे देणाऱ्याचा असतो. पण साइटच्या कोडचा तसा नाही. बाहेरच्या डिझायनरने लिहिलेला कोड, लेखी हस्तांतर केलं नाही तर, त्याचाच राहतो. हस्तांतर लिहिलं पण मुदत लिहिली नाही, तर ते ५ वर्षांचंच धरलं जातं. म्हणून कामाच्या कागदावर डिझाइन आणि कोडचे हक्क कायमचे तुमच्याकडे येतात असं लिहून घ्या, खाली त्याची सही असू द्या, आणि शेवटचा हप्ता सगळे पासवर्ड व मूळ फाइली हातात आल्यावरच द्या. माझ्या दुसऱ्या डिझायनरने हे वाचून तिथेच सही केली, आणि आज ११ वर्षं आमचं काम तोच बघतोय.