घरी एका टीव्हीवर दोघांनी खेळायला धडकाधडकीवाला रेसिंग गेम कोणता घ्यावा?

जुना पीएस२ (प्लेस्टेशन २) चालू असेल तर डोळे झाकून बर्नआउट ३ टेकडाउन, २००४ चा आहे पण मजा तशीच आणि स्प्लिट स्क्रीन आहे, म्हणजे एकाच टीव्हीचे दोन भाग होऊन दोघं एकदम खेळतात. त्याच मालिकेतला बर्नआउट पॅराडाइज रीमास्टर्ड दिसायला भारी पण त्यात स्प्लिट स्क्रीनच नाही, म्हणजे तुमच्या कामाचा नाही.

आणि ब्रेक दाबत बसू नका हो, रॉंग साइडने समोरच्या गाड्यांना अगदी घासून गेलात की बूस्ट (जादा वेगाचा साठा) भरतो, आपटलात तरी बूस्टचं बटण धरून ठेवा, सगळं स्लो होतं आणि आपला भंगार झालेला डबा वळवून मागच्याच्या अंगावर घालता येतो, खरी गंमत तीच. आमच्याकडे बडोद्यात, दांडिया बाजारात, दादा-वहिनीची यावरून रोज जुंपते. आवाज मात्र कमी ठेवा.