स्वित्झर्लंड तटस्थ आहे, मग तिथे सक्तीची लष्करसेवा कशासाठी?

तटस्थ देशाला युद्धात कोणाचीच मदत मिळेल याची खात्री नसते आणि आपली भूमी कोणालाही वापरू न देण्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर असते, म्हणून. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ राष्ट्राने लढणाऱ्या कुठल्याही पक्षाचे सैन्य आपल्या हद्दीतून जाऊ द्यायचे नसते. आता ते रोखायचे, तर सैन्य हवेच. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ मध्ये बड्या सत्तांनी लेखी दिली होती, तरी १९१४ मध्ये जर्मन फौजा आत शिरल्याच. स्वित्झर्लंडच्या तटस्थतेला १८१५ मध्ये मान्यता मिळाली, पण त्या देशाने निव्वळ कागदावर कधीच भिस्त ठेवली नाही, आणि माझ्या मते ते शहाणपणाचेच ठरले.

लोकसंख्या कमी असल्याने मोठे कायम सैन्य पोसण्यापेक्षा नागरिकांनाच सैनिक करणे त्यांना परवडते. राज्यघटनेच्या कलम ५९ नुसार ही सेवा पुरुषांना बंधनकारक आहे, स्त्रियांसाठी ऐच्छिक. सुरुवातीचे प्रशिक्षण घ्यायचे, मग काही वर्षे थोड्या आठवड्यांच्या उजळणीसाठी हजर व्हायचे. पर्यायी नागरी सेवाही आहे. दोन्ही न करणाऱ्याला सहसा जादा कर भरावा लागतो. २०१३ च्या सार्वमतात सुमारे ७३ टक्के मतदारांनी ही सक्ती रद्द करायला नकार दिला.

मात्र तटस्थता म्हणजे सक्तीची भरती असे समीकरण नाही. आयर्लंड लष्करीदृष्ट्या तटस्थ आहे आणि त्याचे सैन्य पूर्णपणे स्वयंसेवी आहे. कोस्टा रिकाने तर १९४८ मध्येच सैन्य मोडीत काढले.