नांदेडहून प्रथमच अंदमानला जात आहोत. सहा रात्री बेटांमध्ये कशा वाटाव्यात?

पहिली रात्र श्री विजयपुरम (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर), पुढच्या तीन स्वराज द्वीप (हॅवलॉक), एक शहीद द्वीप (नील) आणि शेवटची पुन्हा श्री विजयपुरम येथे, अशी वाटणी करावी. आम्ही परभणीहून गेलो तेव्हा लक्षात आले की बोटीचा प्रवास जेमतेम दोन तासांचा असला, तरी हॉटेल सोडणे, जेटीवर तपासणी आणि सामान यांत प्रत्येक बदलाला अर्धा दिवस सहज जातो. म्हणून बेटे कमी आणि मुक्काम मोठा ठेवावा. शिवाय अंदमान आपल्यापेक्षा बरेच पूर्वेला असूनही घड्याळ तेच असल्यामुळे हिवाळ्यात तेथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. मराठवाड्यातल्यासारखे चार वाजता चहा घेऊन निघालात, तर स्वराज द्वीपावरील राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त हुकू शकतो. शहीद द्वीपावरील नैसर्गिक खडकांचा पूल ओहोटीतच नीट पाहता येतो, त्यामुळे त्या दिवसाची वेळ आधी विचारून घ्यावी. शेवटची रात्र मात्र कोणत्याही परिस्थितीत छोट्या बेटावर काढू नये, कारण समुद्र खवळल्यास बोटी रद्द होतात आणि विमान चुकते. सोबत वृद्ध किंवा लहान मुले असल्यास शहीद द्वीप सरळ वगळावे.